कार्ड आणि त्याचा वाचक



व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावासमोर 'मेमरी कार्डचा रीडर : निवड आणि बिघाड' असा विषय पाहून काही मंडळींना ती छापखान्याची चूक वाटली, असे माझ्या कानावर आले आहे. छापखान्याचा काही दोष नाही. विषय मी मागून घेतला. संघटनेच्या माणसाने वेतनावर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर कायद्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. परंतु गेली काही वर्षे मी पाहतो आहे की आमच्या प्रत्येक तक्रारीवर साहेब एकच प्रश्न विचारतात : पुरावा आहे का? पुरावा असतो. तो नखाएवढ्या एका काळ्या चकतीत असतो. आणि ती चकती उघडून दाखवणारी वस्तू शंभर-दीडशे रुपयांना कोठेही मिळते, म्हणून तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. अर्ज तयार, साक्षीदार तयार, आणि ऐन वेळी रीडर चालत नाही म्हणून सगळी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभी, असा प्रसंग मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे.

आपल्या किनाऱ्याचेच घ्या. कट्टा काही समुद्रावर नाही, पण आपल्या घराघरांतून मालवणची मासळी शिजते आणि आपली पोरे तिकडच्या होड्यांवर, हॉटेलांत, पर्यटकांना पाण्याखाली नेण्याच्या धंद्यात कामाला आहेत. रापणकर आणि लहान होडीवाले एका बाजूला, पर्ससीन जाळेवाले दुसऱ्या बाजूला, हे भांडण आपल्याला नवे नाही. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा; 2021 साली त्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून मारायला केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये मनाई केली. कायदा आहे. पण रात्री दोन वाजता दहा वाव पाण्यात दिव्यांची दिवाळी चालली होती, हे सकाळी सिद्ध कोण करणार? सकाळी समुद्र पुसलेल्या पाटीसारखा कोरा असतो. म्हणून आमची खलाशी पोरे फोन उचलतात, कोणी लहान कॅमेरा नेतो, आणि होडीच्या हेलकाव्यात चित्रण करतात. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यानेही जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू केली आहे. बहुतेक ड्रोनही जे पाहतात ते अशाच एका कार्डावर लिहून ठेवतात. सरकारचा डोळा आणि गरिबाचा डोळा, दोन्ही शेवटी त्याच खोबणीत यायचे.

दुसरे उदाहरण 2021 चे. 16 आणि 17 मे या दोन दिवसांत तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. कौले उडाली, माड आणि आंबे आडवे झाले, होड्या फुटल्या, आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पंचनाम्याला पडझडीची छायाचित्रे लागत होती. ज्यांच्या फोनमधले चित्र फोनच्या पोटातच होते, त्यांचा फोन मेला की चित्रही अडकले. ज्यांच्या फोनात वेगळे कार्ड होते आणि चित्रे त्यावर साठवायची सवय होती, त्यांना ते काढून दुसऱ्याच्या यंत्रात वाचता आले. कार्डाचे मोठेपण एवढेच, की ते आपल्या मालकाच्या यंत्रावाचून जगते. मात्र त्याला वाचणारा भेटला पाहिजे.

आता हे कार्ड म्हणजे काय? त्यात फिरणारे, घासणारे काही नाही. सिलिकॉनच्या चकतीवर कोट्यवधी सूक्ष्म कप्पे, प्रत्येक कप्प्यात विजेचा किंचित भार कोंडून ठेवलेला. भार किती, यावरून अक्षर ओळखायचे. शेजारी एक कारभारी चिप बसलेली असते. कोणते पान कोणत्या कप्प्यात, कोणता कप्पा झिजला, त्याच्याऐवजी कोणता घ्यायचा, हा सारा हिशेब ती ठेवते. कारभाऱ्याने हिशेब बिघडवला की कप्पे भरलेले असूनही घर रिकामे दिसते. आपल्याकडे जुन्या खोतीत असेच होत असे, असे माझे वडीलधारे सांगत.

ही विद्या ज्याने काढली त्याचे नाव सांगितल्यावाचून माझ्यासारख्याला पुढे जाता येणार नाही. फुजिओ मासुओका. जपानातील तोशिबा कंपनीतला नोकरदार इंजिनियर. 1984 साली त्याने या फ्लॅश स्मृतीचा शोधनिबंध वाचला, आणि 1987 साली तिचा तो प्रकार मांडला जो आज प्रत्येक कार्डात, प्रत्येक फोनात आहे. जगभर कंपन्यांनी त्यावर अमाप पैसा केला. मासुओका 1994 साली कंपनी सोडून विद्यापीठात शिकवायला गेला, आणि 2004 साली त्याने आपल्याच जुन्या मालकाविरुद्ध दावा लावला. मागणी 100 कोटी येन. 2006 साली तडजोड झाली ती 8 कोटी 70 लाख येनवर. मागितलेल्याच्या अकराव्या हिश्शापेक्षाही थोडे कमी. तडजोडीच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे हा आकडा वाचून मला नवल वाटले नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये एका पगारदार माणसाचा शोध बसलेला आहे, एवढे ध्यानात असू द्या.

आपण जे एसडी कार्ड म्हणतो ते 1999 साली पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या तिघांनी मिळून काढले. त्याआधी 1994 सालचे कॉम्पॅक्टफ्लॅश होते, सोनीची मेमरी स्टिक होती. नंतर 2002 साली ऑलिंपस आणि फुजीफिल्मने एक्सडी नावाचे आणखी एक काढले. प्रत्येकाची खोबण निराळी. गावातल्या फोटो स्टुडिओच्या ड्रॉवरमध्ये यांतली काही अजून सापडतील, आणि त्यांत कोणाच्या तरी लग्नाचे फोटो असतील. तशी जुनी कार्डे घरात असली तर अनेक खोबणींचा रीडर घ्यावा. नसली तर घेऊ नये. बत्तीस प्रकारची कार्डे वाचतो अशी जाहिरात असलेला डबा घेऊन आपल्याला त्यातली दोनच खोबणी लागतात; उरलेल्या धूळ खातात. अशाच एका रीडरच्या मोठ्या खोबणीत कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले मी स्वतः टोकरून काढले आहे.

तर निवड कशी करावी? प्रथम आपली कार्डे टेबलावर मांडा आणि त्यांच्यावरची अक्षरे वाचा. नुसते एसडी म्हणजे 2 जीबीपर्यंतचे जुने. एसडीएचसी 2006 पासूनचे, 32 जीबीपर्यंत. एसडीएक्ससी 2009 पासूनचे, 32 च्या पुढे 2 टीबीपर्यंत. 2018 साली एसडीयूसी नावाची आणखी मोठी जात ठरली, पण तिची आपल्याला इतक्यात गरज नाही. जुना रीडर नवे कार्ड ओळखीलच असे नाही; नवा रीडर मात्र जुन्या कार्डाला ओळखतो. म्हणून 2006 च्या आधीचा रीडर कपाटात असेल तर त्याला सन्मानाने निवृत्त करावे.

मग ज्या यंत्राला जोडायचे त्याचे तोंड पाहा. संगणकाचे चौकोनी रुंद यूएसबी की फोनचे लहान टाइप-सी? आज दोन्ही तोंडे असलेले रीडर मिळतात, आणि संघटनेच्या किंवा मंडळाच्या कामाला मी तेच घ्यायला सांगतो. कारण होडीवर संगणक नसतो, फोन असतो. फोनला रीडर जोडला आणि काहीच दिसले नाही, तर रीडर फेकण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये 'ओटीजी' नावाचे बटण शोधा. काही फोनांत ते बंद असते, आणि थोडा वेळ वापरले नाही की आपोआप पुन्हा बंद होते. या एका बटणापायी किती रीडर दुकानदाराकडे परत गेले असतील, देव जाणे.

वेगाविषयी दुकानात फार बोलले जाते. एक हिशेब सांगतो. जुन्या यूएसबी 2 च्या रीडरमधून व्यवहारात सेकंदाला 30-35 एमबी निघतात. म्हणजे भरलेले 64 जीबीचे कार्ड उतरवायला सुमारे अर्धा तास. यूएसबी 3 चा बरा रीडर असेल आणि कार्डही बरे असेल तर तेच काम 12-13 मिनिटांत होते. तलाठी कार्यालयाच्या दारात उभे असताना या दोहोंतला फरक कळतो. त्यापुढचा वेग लग्नाचे चित्रण करणाऱ्यांसाठी. ज्या कार्डाच्या पाठीवर पिनांच्या दोन रांगा आहेत ते यूएचएस-2 चे कार्ड. त्याला त्याच जातीचा महाग रीडर दिला तरच तो वेग मिळतो. साध्या रीडरमध्ये ते चालते, पण साध्या चालीने. कार्डावर 170 किंवा 200 असा आकडा छापलेला असतो, तोही बहुधा त्याच कंपनीच्या ठराविक रीडरमध्ये मिळायचा. आणि तो आकडा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. लिहिण्याचा किमान वेग हवा असेल तर वर्तुळातला 10 किंवा व्ही 30 अशी लहान खूण पाहावी. तिचा अर्थ सेकंदाला निदान 10 किंवा 30 एमबी.

बाजारात यूएसबी 3 म्हणून निळे प्लास्टिक लावून जुनाच माल विकला जातो. रुंद तोंडाच्या प्लगमध्ये उजेडाकडे धरून पाहा. पुढे चार पट्ट्या दिसतात. त्यांच्या मागे आणखी पाच बारीक पट्ट्या असल्या तर यूएसबी 3, नसल्या तर निळा रंग तेवढा खरा. कार्डांतही तसेच. 512 जीबी म्हणून घेतलेल्या कार्डात आत 16 असतात आणि कारभाऱ्याला खोटे बोलायला शिकवलेले असते. 16 भरले की तो जुन्या पानांवर नवी पाने लिहितो. माणूस बिचारा रीडरला शिव्या देतो. नवे कार्ड आणल्यावर ते एकदा पूर्ण भरून, पुन्हा वाचून पाहावे. यासाठी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा एक जर्मन कार्यक्रम फुकट मिळतो. रात्री लावून झोपावे, सकाळी निकाल तयार.

आता बिघाडाकडे वळतो. इथे मला थोडा वेळ लागणार आहे.

आमच्याकडे पोरगा धावत येतो आणि म्हणतो, "दादा, कार्ड मेला." मी त्याला विचारतो, नाडी पाहिलीस का? कार्ड, जोडपट्टी, रीडर, वायर, संगणकाचे तोंड, संगणकातली व्यवस्था, एवढ्या सहा जणांच्या हातांतून चित्र पडद्यावर येते. त्यांतला एक कोणी संपावर गेला की काम बंद. अशा वेळी सहाही जणांना एकदम बदलले तर काम सुरू होईल, पण कोण रुसला होता ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच बदला. प्रथम त्याच रीडरमध्ये दुसरे, चांगले ठाऊक असलेले कार्ड घाला. ते दिसले तर रीडर निर्दोष. मग दुखणाईत कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये घाला. तिथे दिसले तर कार्डही निर्दोष, आणि दोष दोघांच्या जोडीत : खोबण सैल, पिना मळलेल्या. एवढ्या दोन पावलांत निम्म्याहून अधिक रुग्ण बरे होतात. म्हणून संघटनेच्या पेटीत मी नेहमी दोन रीडर ठेवायला सांगतो, दोन निरनिराळ्या बनावटीचे. एकाच्या दुप्पट खर्च होतो हे मान्य, पण एकट्या साक्षीदारावर खटला उभा राहत नाही.

बारीक मायक्रोएसडी कार्ड मोठ्या खोबणीत घालण्यासाठी जी जोडपट्टी असते, तिच्यात चिप नाही, काही नाही. नुसत्या आठ तारा इकडून तिकडे नेलेल्या. पण दोष शोधायचा तर मी प्रथम तिलाच संशयित धरतो. ती पुकट असते, ड्रॉवरमध्ये पडून वाकते, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. ती बदलून पाहा. तिच्या कडेला एक लहान सरकते कुलूप आहे. ते खाली सरकलेले असले की 'कार्ड लेखनबंद आहे' असा संदेश येतो. गंमत अशी, की या कुलपाचा कार्डाच्या आतल्या कोणत्याही चिपशी संबंध नाही. खोबणीतला एक लहान दांडा कुलूप कोठे आहे ते चाचपतो आणि रीडर त्याप्रमाणे वागतो. तो दांडा झिजला तर तुमचे प्रत्येक कार्ड त्या रीडरला कुलूपबंदच दिसणार. कुलपाची चिमटी तुटून पडली असेल तर त्या खाचेवर चिकटपट्टीचा पातळ तुकडा लावला की काम भागते. मात्र तोच संदेश कुलूप उघडे असून, दोन्ही रीडरमध्ये येत असेल, तर गोष्ट निराळी. कप्पे झिजल्यावर काही कार्डे आपण होऊन लिहिणे बंद करतात आणि फक्त वाचू देतात. मरणाऱ्या कार्डाचे ते शेवटचे सौजन्य आहे. लगेच सर्व उतरवून घ्या, आणि ते कार्ड पुन्हा वापरू नका.

रीडर जोडल्यावर दिवा लागतो, पण संगणक काही दाखवत नाही, अशी तक्रार कार्यालयांतून फार येते. डब्याच्या पुढच्या बाजूचे यूएसबी तोंड अनेकदा लांब वायरीने आत जोडलेले आणि कमजोर असते. मागच्या तोंडाला लावून पाहा. मध्ये चार तोंडांचा वाटप-डबा असेल तर तो काढा. तरी नाही, तर विंडोजमध्ये प्रत्येक कार्डाला एक अक्षर मिळते, ते अक्षर कार्यालयाच्या जाळ्यातल्या दुसऱ्या कोणाला आधीच दिलेले असेल. डिस्क मॅनेजमेंट नावाच्या पडद्यावर जाऊन कार्डाला दुसरे अक्षर दिले की ते समोर येऊन उभे राहते. एकाच अक्षराच्या खुर्चीवर दोघे बसवल्याचा हा परिणाम. कार्यालयात याचे नवल वाटायला नको.

आणि आता तो संदेश, ज्याच्यासाठी मी हा विषय मागून घेतला. 'हे कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. करायचे का?' एका कार्यालयात (नाव घेत नाही) आम्ही मजुरांच्या हजेरीची चित्रे असलेले कार्ड दिले. लेखनिकाने ते आपल्या रीडरमध्ये घातले, हा संदेश आला, आणि त्याचे बोट 'होय' वर गेले. आमच्यातल्या एका भगिनीने पटकन माउस बाजूला सरकवला म्हणून निभावले. साहेब म्हणाले, तुमचे कार्ड कोरे आहे. ते कोरे नव्हते. कार्ड होते 64 जीबीचे. 32 च्या वरची कार्डे एक्सफॅट नावाच्या मांडणीने लिहिली जातात. मायक्रोसॉफ्टने ती 2006 साली काढली, आणि त्यांचा संगणक होता त्याहून जुन्या वळणाचा, ज्याला ती लिपी येत नव्हती. मोडीतला कागद देवनागरी वाचणाऱ्याच्या हाती दिला, आणि तो म्हणाला कागद कोरा आहे, पुसून टाकू का? दुसऱ्या दिवशी वेगळ्या संगणकात सर्व चित्रे जशीच्या तशी उघडली. तेव्हा हा प्रश्न आला की उत्तर 'नाही'. कार्ड बाहेर काढा, दुसरा रीडर, दुसरा संगणक. फॉरमॅट करायचेच असेल तर आधी सर्व उतरवून, दोन ठिकाणी ठेवून, मग कॅमेऱ्यातच करावे.

समजा दोन्ही रीडर, दोन्ही संगणक हेच म्हणतात, किंवा कोणी चित्रे चुकून पुसली. तरीही आशा असते. पुसणे म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेतली ओळ खोडणे; पाने कप्प्यांत तशीच असतात, जोपर्यंत त्यांवर नवे लिहिले जात नाही. म्हणून त्या कार्डावर एकही नवे चित्र घेऊ नका. कुलूप लावा. जाणत्याकडून संपूर्ण कार्डाची एकच मोठी प्रत संगणकात काढून घ्या, आणि फोटोरेकसारखा फुकट मिळणारा कार्यक्रम त्या प्रतीवर चालवा, मूळ कार्डावर नव्हे. जुन्या एसडीएचसी कार्डांच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे : त्यांच्या मांडणीत 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही, म्हणून कॅमेरा लांबलेले चित्रण तुकडे करून लिहितो. आपण पहिला तुकडा उतरवतो आणि दिवे पेटताना दिसतात. जाळे ओढतानाचा दुसरा तुकडा कार्डावरच राहतो. मोजून सगळे घ्या.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारा वारा. पिनांवरचा सोन्याचा मुलामा पातळ असतो. खालच्या धातूला खार लागला की हिरवट-काळा डाग दिसतो. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. तलम, धागे न सोडणारे फडके त्यात किंचित ओले करून कार्डाच्या पट्ट्या हलके पुसा आणि पूर्ण सुकू द्या. सुरीने, पॉलिश पेपरने खरवडू नका. रीडरच्या खोबणीत फुंकर मारू नका; फुंकरीतून थुंकीच जाते. कार्ड समुद्रात पडून सापडले तर घाबरण्यासारखे नाही. मायक्रोएसडीचे अंग एकजिनसी साच्यातले असते, त्यात पाणी शिरायला जागा फार थोडी. गोड्या स्वच्छ पाण्यात खार धुऊन काढा आणि दोन दिवस सावलीत सुकवा. ओल्या कार्डाला रीडरमध्ये घालून चालते का पाहण्याचा मोह आवरा, कारण विजेच्या प्रवाहाखाली मिठाचे पाणी जे नुकसान करते ते समुद्राने केलेले नसते. तांदळाच्या डब्यात ठेवू नये. कोंडा पट्ट्यांना चिकटतो आणि तांदूळही खाण्याजोगा राहत नाही. पावसाळ्याचे चार महिने रीडर आणि कार्डे घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येते ती ओल शोषणारी पुडी घालून ठेवा.

काढतानाही घाई नको. दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढणे म्हणजे कारभारी हिशेब लिहीत असताना त्याच्या हातून वही हिसकावणे. 'सुरक्षितपणे काढा' म्हणण्याचे बटण दाबा, दिवा शांत होऊ द्या, मग काढा.

वकील मंडळी समोर बसली आहेत, म्हणून कायद्याचे थोडक्यात. केरळातील एका खटल्यात 29 नोव्हेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेमरी कार्डातील मजकूर हा दस्तऐवज होय, असे ठरवले. पुढे त्याच खटल्यातील कार्ड न्यायालयाच्या ताब्यात असताना त्याची खूणसंख्या बदलल्याचे प्रयोगशाळेच्या तपासणीत आढळले; चित्रणाची स्वतःची खूणसंख्या मात्र तीच होती. खूणसंख्या म्हणजे संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेला एक आकडा. एक स्वल्पविराम बदलला तरी तो पार बदलतो. कार्ड साध्या फोनात किंवा संगणकात नुसते घातले, तरी ते यंत्र स्वतःच्या सोयीसाठी त्यावर एखादा लहान फोल्डर लिहून ठेवते. आपण काही केले नाही, असे आपल्याला वाटते. कार्डाला बोट लागलेले असते. म्हणून पुराव्याचे कार्ड वाचताना कुलूप लावलेल्या जोडपट्टीतच, आणि ते कुलूप मानणाऱ्या रीडरमध्येच घाला. आपला रीडर ते मानतो की नाही, हे रिकाम्या कार्डावर काही लिहून आधी पाहून ठेवा.

आपल्या राज्यातला खटला जालन्याचा. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी 3 च्या मुदतीत आला की नंतर, हा वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात झालेले चित्रण तबकड्यांवर न्यायालयात आले. प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत दाखल करायची तर पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चे प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः हजर केले तर त्याची गरज नाही. आणि ज्याने प्रमाणपत्रासाठी करता येण्याजोगे सर्व केले, त्याच्याकडून अशक्य गोष्ट कायदा मागत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात खूणसंख्या लिहायची असते, आणि ते दोन भागांत भरावे लागते : एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याने, दुसरा तज्ज्ञाने. आम्ही आता असे करतो : किनाऱ्याला लागल्याबरोबर कार्ड काढायचे, कुलूप लावून एकदाच प्रत घ्यायची, खूणसंख्या वहीत लिहायची, कोणी काढले, किती वाजता, कोणत्या रीडरने, याखाली दोघांच्या सह्या, आणि मूळ कार्ड पाकिटात बंद. 32 जीबीचे कार्ड आज फार महाग नाही. ते पुसून पुन्हा वापरण्याचा लोभ धरू नये. मात्र पाकिटातले कार्ड म्हणजे ताम्रपट नव्हे. कप्प्यांतला भार वर्षानुवर्षे पडून राहिला तर हळूहळू गळतो. म्हणून प्रत दोन निरनिराळ्या जागी हवी, आणि वर्षाकाठी एकदा उघडून पाहायला हवी.

माझा वेळ संपत आला आहे. मी सोबत दोन रीडर, एक जोडपट्टी आणि अल्कोहोलची बाटली आणली आहे. ज्यांनी 'मेलेली' कार्डे बरोबर आणली असतील त्यांनी ती अध्यक्षांच्या समारोपानंतर इकडे टेबलापाशी घेऊन यावीत. एका वेळी एकच, आणि घरी कोणी फॉरमॅटला 'होय' म्हटले असेल तर तेही आधीच सांगावे, म्हणजे कोठून सुरुवात करायची ते मला कळेल.